तिसरी पिन काय कामाची

८ सप्टेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी लिहायची. या घरात माझं बोलणं पुरतं ऐकून घेईल असं कोणी राहिलेलं नाही. वही निदान मध्ये बोलत नाही.

पहिला संकल्प. घरातलं इलेक्ट्रिकचं सगळं काम यापुढे मी करणार. वायरमन या प्राण्याला उंबरा ओलांडू द्यायचा नाही. येतो, बोर्डाकडे बघून मान हलवतो, 'चाचा, पूरा बदलना पडेगा' म्हणतो आणि चहा पिऊन जातो. मी इथे शेलारला कित्येक वर्षं स्वतःचा लूमचा कारखाना चालवला आहे. मोटारी मला ओळखतात. मोटार जळली की मिस्त्री यायचा हे खरं, पण कुठली जळली ते बोट दाखवून मीच सांगायचो.

संकल्प बायकोला वाचून दाखवला. विनिता म्हणाली की गणपतीपासून स्वयंपाकघरातला बल्ब गेलाय, आधी तो बदला. मी दूरचं बोलतो आणि ही बल्बवर येते. संसार असा झाला.

१० सप्टेंबर, बुधवार

बल्ब बाकी. स्टूल सापडत नाही.

रामनाथ आला होता. रामनाथ म्हणजे विनिताचा भाऊ. गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे आणि चालतो मात्र गोडाऊन त्याच्या नावावर असल्यासारखा. त्यांच्याकडे ऑनलाइन मागवून लोकांनी परत पाठवलेला माल पोत्यात भरून किलोवर विकतात. त्यातलं एक पोतं त्याने मला मिळवून दिलं. आत प्लग, मल्टिप्लग, ॲडॅप्टर, एक्स्टेन्शन बोर्ड, कॉर्डी. काही तर सरळ परदेशी. धामणकर नाक्यावरच्या दुकानदाराने असला माल स्वप्नातही पाहिला नसेल.

विनिता म्हणाली पितृपक्षात नवीन वस्तू घरात आणू नये. मी म्हटलं, परत आलेला माल नवीन कसा? ती आत गेली. मुद्दा सुटला की ही माणसं आत जातात.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळभर काम. परदेशी माणूस हुशार असेल, पण पिनांच्या बाबतीत त्यांच्यात एकमत नाही. कुणाच्या चपट्या, कुणाच्या तिरक्या, कुणाच्या गोल. मी एका ॲडॅप्टरमध्ये दुसरा, त्यात तिसरा अशी जोडणी केली. भिंतीपासून वीतभर पुढे आली आहे, थोडी लोंबते. खाली आईचा पितळी डबा लावून टेकू दिला.

फ्रिजचा प्लग तीन पिनांचा आणि ॲडॅप्टरला भोकं दोनच. विचार केला. वरची ती जाड पिन कसली? खालच्या दोन पिनांतून करंट येतो आणि जातो. मग तिसरीतून काय, पाव्हणे येतात? ती नुसती आधाराला दिलेली असते. पक्कड घेतली आणि मोडली. प्लग बसला, फ्रिज चालू झाला. मग उत्साहात मिक्सरची मोडली, इस्त्रीची मोडली. एका पक्कडीत घरभर सुसूत्रता आली.

विनिताने विचारलं की कंपनीवाले मग ती पिन देतात कशाला. कंपनीवाल्यांवर हिचा विश्वास आहे, नवऱ्यावर नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

मेन बोर्डात एक डबी आहे. गेल्या वर्षी मीटर बदलला तेव्हा बसवून गेले. करंट कुठे गळला की ती आपोआप पडते, असं सांगितलं होतं. परवापासून उठवली की पडते. फ्रिज लावला की पडते, इस्त्री लावली की पडते. इतकी भित्री वस्तू मी आयुष्यात पाहिली नाही.

तिला वगळून बाजूने वायर नेली. आता काही पडत नाही. आमच्या पिढीत अशा डब्या नव्हत्या आणि माणसं धडधाकट होती. माझे एक काका शॉक लागून गेले, पण ते मुळातच निष्काळजी होते.

१६ सप्टेंबर, मंगळवार

फ्रिज, मिक्सर, टीव्ही, आईच्या खाटेजवळचा पंखा, सगळं आता एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर. कॉर्ड सतरंजीखालून नेली आहे म्हणजे दिसत नाही. दारात थोडी चेमटते. तिथे साल निघाली म्हणून खाकी चिकटपट्टी लावली. रामनाथच्याच पोत्यावरची, वाया कशाला घालवा.

विनिताची तक्रार: बोर्ड गरम लागतो. मी शांतपणे समजावलं की काम करणारी वस्तू गरम होणारच, माणूससुद्धा काम केलं की तापतो. ती म्हणाली, तुम्ही तापलेले मला आठवत नाही. शेजारची धोंडूबाई तिथेच बसली होती, ती हसली. धोंडूबाईला हसायला कारण लागत नाही. दात दाखवायला मिळतात एवढंच.

बल्ब बाकी. स्टूल सापडलं, पण त्यावर पोतं ठेवलं आहे.

२० सप्टेंबर, शनिवार

परवा घट बसणार. आईचा (गोदूबाई, वय ऐंशीच्या पुढे, कान शाबूत, विशेषतः नको तेव्हा) जुना लाकडी देव्हारा वाळवीने पोखरला आहे. रामनाथकडून स्टीलचा मिळवला. हासुद्धा परत आलेलाच. आत रंगीत लायटिंग, वर कळस, मागे फिरणारं प्रभावळीचं चक्र. असली वस्तू कोणी परत का करेल? लोकांना कदरच नाही.

कॉर्ड आखूड होती. कापून दुसरी जोडली, जोड देव्हाऱ्याच्या मागच्या पत्र्याला चिकटवून टाकला. प्लग तीन पिनांचा होता. आता नाही.

आईने विचारलं, वायर देवाला चिकटली तर न्हाय ना? मी म्हटलं, तू जप कर.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

सकाळी विनिताने फरशी पुसली, घटाला माती घातली, धान्य पेरलं, पाणी शिंपडलं. मी बटण दाबलं. चक्र फिरू लागलं. बायका तोंड उघडून बघत राहिल्या. मुख्य काम बटणाचंच होतं, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

मग आईने देव्हाऱ्याला हात लावला. बोटांची उलटी बाजू लावते ती, जुन्या बायकांची पद्धत. हात मागे घेतला. परत लावला. म्हणाली, हाताला झिणझिणतंय. धोंडूबाईने लावला. तिलाही. ती ओरडली की देवी जागी झाली, वज्रेश्वरी घरी आली.

मी ताबडतोब शास्त्रीय तपासणी केली. पुढे गेलो, तळहात देव्हाऱ्यावर ठेवला. काही नाही. दोन्ही हात ठेवले. काही नाही. म्हणजे झिणझिण्या देव्हाऱ्यात नाहीत, बायकांच्या डोक्यात आहेत.

धोंडूबाईचं म्हणणं, पायात चप्पल घालून देवापुढे उभं राहणाऱ्याला देवी कशी भेटेल. माझी टाच दुखते म्हणून डॉक्टरांनी जाड रबरी चप्पल दिली आहे, घरातसुद्धा घालायला सांगितली आहे. ती चप्पल नव्हे, औषध आहे. हे धोंडूबाईला कोण समजावणार?

२३ सप्टेंबर, मंगळवार

सकाळीच बायका. वाडीतल्या सगळ्या, वर पलीकडच्या आळीतली हौसा तिच्या दोन सुनांना घेऊन. दारात चपलांचा ढीग, ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या, एकेक जण हात लावते आणि डोळे मिटते. आई खाटेवरून प्रत्येकीला सांगते की उलट्या हातानं लावा, तळहात लावू नका, देवीला चालत न्हाय. अंधश्रद्धेतही हिचे नियम.

शंका राहू नये म्हणून टेस्टर आणला. देव्हाऱ्याला लावला, पेटला नाही. म्हणजे करंट नाही. खात्रीसाठी भिंतीतल्या सॉकेटमध्येही घातला. तिथेही पेटला नाही. माझं वायरिंग किती सुरक्षित आहे याचा याहून मोठा पुरावा कोणता?

२४ सप्टेंबर, बुधवार

आज अकलोलीहून जीप भरून बायका आल्या. तिथे गरम पाण्याच्या कुंडात पाय बुडवून बसायचं सोडून माझ्या घरात पाय ओले करून उभ्या राहतात. अडाणीपणाला हद्द नाही.

मी मात्र आज काही बोललो नाही. बोलायचं तर दोनच गोष्टी बोलता येतात. एक, हे सगळं खोटं आहे. तर जीपभर बायका मला बाहेर काढतील. दोन, वायरिंगमध्ये काही असेल. ते तर शक्यच नाही. म्हणून मी फक्त रांग सरळ केली. 'देवी' हा शब्द माझ्या तोंडून गेलेला नाही, याची इथे नोंद असू द्यावी.

एका बाईने विचारलं, देव्हारा कुणी बसवला? मी सांगितलं, मी. ती माझ्या पाया पडली. अडाणी असली तरी बाई मनाने चांगली होती.

२५ सप्टेंबर, गुरुवार

विनिताचा चेहरा पडलेला. कारण विचारलं नाही, तिने सांगितलंच. रोज पहाटे तीच पूजा करते, पाटावर बसून, घटाला पाणी घालते, देव्हारा पुसते. तिला एकदाही झिणझिणलं नाही. गावाला मिळतंय आणि तिला नाही. धोंडूबाई सगळ्यांसमोर म्हणाली, देवी मन बघते गं.

मी धीर दिला. म्हटलं, मलाही झिणझिणत नाही, आपण दोघेच या घरात शहाणे आहोत. तिला याने बरं वाटलेलं दिसलं नाही. तीस वर्षं उपास करते, म्हणाली, आणि पदर डोळ्याला लावला. बायकांना कशाचं दुःख होईल सांगता येत नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

रामनाथ आला. येऊन बायकांना सांगत सुटला की देव्हारा त्याच्या गोडाऊनचा, त्याने निवडून काढलेला. श्रेय लाटायची सवय. देवीपुढच्या नारळाच्या वाटीला हात घातला, मी वाटी काढून घेतली. मी म्हटलं, देव्हारे पुष्कळ असतील, जोडणी कोणाची ते विचारा. तो म्हणाला, दाजी, मग तुम्हाला का झिणझिणत नाही? बायका माझ्याकडे बघू लागल्या.

निव्वळ हलकटपणा.

२७ सप्टेंबर, शनिवार

एक्स्टेन्शन बोर्डाची एक बाजू तपकिरी झाली आहे. थोडा वास. बायका एवढ्या उदबत्त्या लावतात, वास येणारच. बोर्डावर ओला फडका ठेवला, थंड राहील. विनिताने धावत येऊन फडका उचलला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी काही गुन्हा केला. फडका तिचाच होता, चांगला होता, म्हणून असेल.

संध्याकाळी गर्दी वाढली. ज्यांना कालपर्यंत हलकं झिणझिणायचं त्या म्हणतात आज जोर आहे. आई म्हणाली, आता घटाला पाणी मीच घालीन, दुसऱ्या कुणी जाऊ नका. हट्टी झाली आहे. खाटेवरून उठून तांब्या घेऊन हळूहळू जाते, हातभर लांबूनच पाणी सोडते आणि परत येते. म्हातारपण.

२८ सप्टेंबर, रविवार

विनिताने पाट धुऊन उन्हात ठेवला होता. सकाळी जमिनीवर बसून पूजा केली. देव्हारा पुसता पुसता थांबली. मग रडू लागली. मी पेपर बाजूला ठेवून विचारलं की काय झालं. म्हणाली, आलं. मला पण आलं.

दिवसभर गात होती. दुपारी पुरणपोळी. तिला इतक्या आनंदात बघून मलाही बरं वाटलं, हे लिहून ठेवतो. पोळी किंचित करपली होती.

२९ सप्टेंबर, सोमवार

विनिता पहाटे पाटावर बसली, हात लावला. उठली, पाट सरकवला, जमिनीवर बसली, हात लावला. पुन्हा पाट. पुन्हा जमीन. मी म्हटलं, हा काय खेळ? ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आधी माझ्या चपलांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पाटावर देवी नाही, जमिनीवर आहे. चपलेत नाही, अनवाणी आहे. अहो, तो करंट आहे. प्लग काढा."

मी विचारलं की तिला टेस्टरपेक्षा जास्त कळतं का. तिने टेस्टर घेतला, माझ्यासमोर सॉकेटमध्ये घातला. पंखा चालू, टेस्टर बंद. हा टेस्टर दिवाळीपासून मेलेला आहे, म्हणाली. टेस्टर मेलेला आहे हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. घरात निरोप देण्याची पद्धत नाही.

मी परिस्थिती समजावली. आज प्लग काढला तर उद्या देवी गेली असं होईल. गाव विचारेल. रामनाथ हसेल. दसरा होऊ दे, मग बघू. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, आई ऐंशीच्या पुढे आहेत आणि त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या असतो. आणि मग हळू आवाजात:

"काल मला वाटलं, देवीने माझ्याकडे बघितलं. ते तुमचं प्लगचं काम होतं."

मी पेपर घेतला. ती आईच्या खाटेजवळ जाऊन बसली. बराच वेळ कुजबुज. मग दोघी हसल्या. एक रडणारी, एक ऐंशीची, हसायला काय झालं? या घरातल्या बायकांना गांभीर्य नाही.

बल्ब बाकी. आज मूड नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार. अष्टमी

डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षराकडे दुर्लक्ष करावे.

सकाळी घर भरलेलं. आईने सगळ्यांसमोर मला हाक मारली. म्हणाली की गावाला देवी भेटली, माझ्या लेकाला न्हाय, आज चप्पल काढ आणि नीट पाया पड. रामनाथ दारात उभा, दात काढत. शंभर डोळे माझ्यावर. नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. आणि खरं सांगायचं तर मला भीती नव्हतीच. विनिताला काय कळतं?

मोरीत पाय धुतले. आई म्हणाली, पुसून जा. असल्या बारीकसारीक गोष्टींत मी पडत नाही. आई म्हणाली, उलट्या हातानं लाव. मी तिला सांगितलं की नमस्कार कसा करायचा ते मला कळतं. विनिता भिंतीला, प्लगच्या बाजूला, पाटावर उभी होती, हातात लाकडी लाटणं. तिथे लाटण्याचं काय काम, हे मी विचारणार होतो. राहून गेलं.

देव्हारा दोन्ही तळहातांनी घट्ट धरला.

पुढचं नीट आठवत नाही. मी तुकड्यांत लिहितो. चक्र फिरत होतं. मीही. कुणीतरी 'उदो उदो' म्हणत होतं. हात सोडायचा होता, सुटत नव्हता. मग लाटण्याचा एक घाव, ठिणगी, पंखा बंद, फ्रिज बंद, चक्र बंद, आणि मी घटाशेजारी आडवा.

बायकांनी लोटांगणं घातली. धोंडूबाई म्हणाली, देवीने याला उचलून आपटलं, एवढी कृपा कोणावर नाही.

कारण स्पष्ट आहे. उपाशीपोटी भोवळ आली. (पोहे खाल्ले होते, पण थोडेच.) दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी हातावर पट्टी बांधली आणि विचारलं, घरात अर्थिंग आहे का. मी म्हटलं, सगळं आहे. विनिता म्हणाली, होतं.

विनिताने लाटण्याने जोडणी फोडली त्यात दोन परदेशी ॲडॅप्टर कायमचे गेले. ते परत मिळायचे नाहीत.

१ ऑक्टोबर, बुधवार. नवमी

मला न विचारता नाक्यावरचा वायरमन बोलावला. मी पडून होतो म्हणून. आला, मल्टिप्लग हातात घेऊन बघत राहिला, मग पंखा, फ्रिज, इस्त्री सगळ्यांचे प्लग बघितले. विचारलं, "चाचा, ये तीसरा पिन किसने तोड़ा?" मी म्हटलं, आधीच्या वायरमनने.

दिवसभर ठाकठूक. ती भित्री डबी परत जागेवर आली. सतरंजीखालची कॉर्ड काढली, भिंतीतून नीट वायर आणली, प्रत्येक वस्तूला आपापलं सॉकेट. पोतं उचलून अंगणात. जाताना स्टुलावर चढून त्याने बल्बही लावला. कोणी सांगितलं होतं?

एक गोष्ट मात्र लक्षात घेण्यासारखी. बाहेर बायका थांबल्या होत्या, देव्हाऱ्याला हात लावून निराश झाल्या, मग एकेक करून माझ्या खाटेशी आल्या. देवी आता यांच्यात गेली असं हौसाचं मत. मी नाही म्हटलं नाही. लोकांना आधार लागतो. सकाळी ठरावीक वेळ ठेवली तर गर्दी आटोक्यात राहील, असा विचार करत होतो. तेवढ्यात धोंडूबाईने माझ्या हाताला बोट लावलं. पुन्हा लावलं. म्हणाली, काय न्हाय, गार हाय. सगळ्या उठून गेल्या.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सकाळी हत्यारांची पूजा. विनिताने कोयता, विळी, लूमचा जुना धोटा मांडला. शेवटी मोडक्या ॲडॅप्टरांतला एक ठेवला आणि माझ्या पक्कडीसकट त्याला हळदकुंकू लावलं. मी विचारलं, याचं काय? म्हणाली, ज्याने आपण माणसं मारू शकतो ते सगळं हत्यारच.

वाडीत शुकशुकाट. दारात एकही चप्पल नाही. आई दाराकडे बघत बसली होती. मी तिच्या खाटेशी गेलो आणि समजूत घातली की वाईट वाटून घेऊ नको, देवी वगैरे काही नव्हती, थोडा करंट गळत होता, तुला कळण्यासारखं नाही.

आई माझ्या पट्टीकडे बघत राहिली. म्हणाली:

"तू रांगत व्हतास तवापासून दुसऱ्याच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्यात मी. पावसाळ्यात लूमच्या फ्रेमीला हात लागला का असंच झिणझिणायचं. उलट्या हातानं लावायचं, म्हंजे हात चिकटत न्हाय. पैल्या दिवशीच कळलं मला."

मी विचारलं, कळलं होतं तर सांगितलं का नाहीस.

"सांगितलं ना. वायर चिकटली का इचारलं, जप कर म्हनलास. उलट्या हातानं लाव म्हनलं, ऐकलंस न्हाय." तिने दाराकडे बघितलं. "आन मानसं येत व्हती रं. तुझ्या बापामागं या घरात माझ्याशी बोलायला कोन येतंय?"

मी तिथेच होतो. रोज तिथेच होतो, पेपर घेऊन. हे मी तिला म्हटलं नाही.

विनिताने आत बोलावलं, आरतीला. मी उठलो. सवयीने चपलेत पाय घातला, आई बघत होती, परत काढला. अनवाणी देव्हाऱ्यापर्यंत गेलो. बोटांची उलटी बाजू लावून बघितली. काही नाही, नुसता थंड पत्रा. विनिताने शेजारी पाट सरकवून जागा दिली. मी जमिनीवर बसलो.

टाच दुखली नाही.